मैदानावरची शाळा : दादाच्या मांडीला ट्यूब



दिवाळी संपली की आमच्या केळापूरला पहाटे पाचलाच रस्त्यावर पावलांचे आवाज सुरू होतात. थप थप थप. अंधारात कोण पळतंय ते दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि पांढरे बूट तेवढे चमकतात. ही सगळी भरतीची पोरं-पोरी. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पन्नासपैकी वीस गुण ह्या एका धावण्याला असतात. तेव्हा आमच्या तालुक्यात कुणाच्या घरी जा, एखादा दादा नाही तर ताई छातीवर घड्याळ ठेवूनच झोपते म्हणा ना!

तर असाच एक सोमवार. पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर हृदयाचं चित्र काढत होतो. तांबड्या खडूनं रोहिणी, निळ्या खडूनं नीला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला.

"सर, रक्त कोंडून ठेवलं तं ताकद वाढते का?"

"कोण म्हणतं गं?"

"माहा दादा म्हणते. तो मांडीले सायकलची ट्यूब बांधते अन् पयते. मोबाइलवर पाह्यलं त्यानं. परदेशातले पयणारे असंच करते म्हणे."

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण त्या दादानं मोबाइलवर जे पाहिलं होतं, ते अगदीच खोटं नव्हतं. निव्वळ खोटं असतं तर "हॅ! काहीतरीच!" म्हणून सोडून देता आलं असतं. अर्ध्या खऱ्या गोष्टीचं तसं नसतं, ती नीट उलगडून सांगावी लागते. म्हणून आज आपल्या सदरात तीच गोष्ट. आई-बाबांनाही शेजारी बसवून घ्या, मधला एक भाग खास त्यांच्यासाठी आहे.

आधी पळण्याचं बघू, मग बांधण्याचं.

त्या दादाला १६०० मीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. त्याला पाच-वीसच्या आत यायचं होतं. तो काय करायचा? रोज तेच १६०० मीटर जीव खाऊन पळायचा. पहिले चारशे झोकात, शेवटचे चारशे रडत. महिनाभर वेळ हलली नाही.

आता जरा गणित करू या. पाच मिनिटं वीस सेकंद म्हणजे ३२० सेकंद. त्याचे चार भाग केले की चारशे मीटरला ८० सेकंद. ह्या वेगानं सलग चार वेळा पळणं दादाला जमत नाही, पण एकदा जमतं. एकदा पळाला, दोन-तीन मिनिटं चालला, श्वास जागेवर आला, की पुन्हा एकदा जमतं. असं सहा वेळा केलं तर? ६ गुणिले ४०० म्हणजे २४०० मीटर! म्हणजे हव्या त्या वेगानं तो १६०० पेक्षाही जास्त पळाला. फक्त तुकड्यातुकड्यानं. ह्यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. इंटरव्हल म्हणजे सिनेमात असतं तेच, मधली सुट्टी.

ही मधली सुट्टी पहिल्यांदा नीट मोजली ती जर्मनीत, १९३० नंतरच्या दशकात. वोल्देमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल नावाचे हृदयाचे डॉक्टर अशी जोडगोळी होती. त्यांनी नियमच घालून दिला : पळताना नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जाऊ दे, मग थांब. दीड मिनिटाच्या आत ती १२० वर उतरली तर पुढचा तुकडा पळ. नाही उतरली? मग आजच्यापुरतं पुरे, घरी जा. मला हा नियम फार आवडतो. कारण त्यात "घरी जा" असं सांगितलंय! आपल्याकडे दमलेल्या पोराला "अजून एक चक्कर" म्हणणारेच जास्त. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ साली इटलीत मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून दाखवलं. तो विश्वविक्रम सोळा वर्षं टिकला.

आणि एमिल झाटोपेक? हा तर गमतीचाच माणूस. चेकोस्लोव्हाकियाचा सैनिक. पायात जडच्या जड लष्करी बूट घालून सराव करायचा. चारशे मीटर जोरात, मग थोडं अंतर हळूहळू, पुन्हा चारशे मीटर जोरात. असं दिवसात चाळीस-चाळीस वेळा! पळताना तोंड इतकं वेडंवाकडं करायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता पडतो की मग. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ह्या तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा पळत होता.

आपल्या मातीतलं नाव हवंय? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथले अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचे. बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनच्या बर्फात राहिले, राजस्थानच्या वाळूत राहिले. पळायला खऱ्या अर्थानं लागले ते त्यानंतर. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा वेळ होती ८ मिनिटं २९.८० सेकंद. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद आणि रौप्यपदक. सोनं किती सेकंदांनी हुकलं ठाऊक आहे? एका सेकंदाच्या विसाव्या भागानं! २०२३ च्या हांगझोउ एशियाडमध्ये सोनं मिळालंच. आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंद. हिशेब करा : सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद कमी झाले. आमच्या दादाला वीस सेकंद महिन्याभरात हवे होते!

तर, ट्यूब.

ह्या ट्यूबेची गोष्ट जपानमधली. १९६६ साली योशिआकी सातो नावाचा अठरा वर्षांचा मुलगा एका बौद्ध विधीला बसला होता. बसायचं कसं, तर गुडघे मोडून टाचांवर. आपलं वज्रासनच की. बराच वेळ झाला. पाय बधिर झाले, पोटऱ्या टणक होऊन फुगल्यासारख्या वाटू लागल्या. तुमच्या-माझ्यासारखा असता तर "मुंग्या आल्या" म्हणून पाय चोळत बसला असता. सातोला मात्र व्यायामाचं वेड. त्याला वाटलं, अरे, पोटरीचा व्यायाम खूप केल्यावर अगदी असंच तर वाटतं! मग रक्त अडवल्यामुळेच तर हे होत नसेल?

झालं! त्यानं स्वतःवरच प्रयोग सुरू केले. ज्युदोचे पट्टे बांधून पाहिले, दोऱ्या बांधून पाहिल्या, आणि हो, सायकलची ट्यूबसुद्धा बांधून पाहिली. ह्या नादात काय झालं तेही ऐका. रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकली आणि त्याला रुग्णालयात भरती व्हावं लागलं. जीव वाचला हे नशीब. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओत एवढाच भाग नव्हता बघा!

पुढे १९७३ मध्ये बर्फावरून घसरताना सातोचा घोटा मोडला, तेव्हा प्लास्टरमधल्या पायाचे स्नायू सुकू नयेत म्हणून त्यांनी हीच युक्ती सावधपणे वापरली. मग वर्षानुवर्षं पट्टा किती रुंद, दाब किती, वेळ किती हे ठरवत गेले. त्या पद्धतीला त्यांनी 'काआत्सु' असं नाव दिलं, म्हणजे दाब वाढवणं. आता मोठ्या रुग्णालयांत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जड वजन उचलता येत नाही अशा रुग्णांसाठी, आणि मोठमोठ्या खेळाडूंच्या सरावात, ही पद्धत वापरतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा पोहणारा मायकेल अँड्र्यू दंडाला असे पट्टे लावून दिसायचा.

पण रक्त अडवल्यानं होतं तरी काय? ह्याचं उत्तर समजायला सातोपेक्षाही मागे, १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांच्याकडे जावं लागेल. रक्त शरीरात गोल फिरतं हे त्यांनी पुस्तक लिहून सिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी माणसाच्या दंडाला पट्टी बांधली. करकचून बांधली तर मनगटाची नाडी बंद, हात पांढुरका आणि हळूहळू गार. मग तीच पट्टी जराशी सैल केली. आता नाडी परत आली, पण हात लाल होऊन फुगला आणि नीला दोरीसारख्या टरारून वर आल्या. असं का? तर हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिण्या खोलवर असतात, भिंती जाड, आतला दाब मोठा. रक्त परत नेणाऱ्या बऱ्याच नीला कातडीखालीच असतात, भिंती पातळ, दाब नावापुरता. दवाखान्यात रक्तदाब मोजतात तेव्हा वरचा आकडा १२० च्या आसपास असतो ना, तो रोहिणीचा. दंडातल्या नीलेचा दाब मोजला तर तो दहाच्या आसपास, नाही तर त्याहूनही खाली. म्हणून मध्यम आवळलं की जायची वाट बंद होते आणि यायची वाट अर्धवट चालू राहते.

शेतातल्या वाफ्याचं घ्या. मोटारीचं पाणी येतंय, पण पुढं जायची पाचर तुम्ही मातीनं बुजवली. काय होईल? वाफा तुडुंब. मांडीच्या स्नायूचं तसंच. रक्त येतं पण जात नाही, नवं ताजं रक्त कमी मिळतं, ऑक्सिजन संपत येतो, कामाचा कचरा साचतो. मग हळू चाललं तरी स्नायूला वाटतं की आपण फार मोठं काम करतोय! शरीर बिचारं फसतं आणि तयारीला लागतं. स्नायू जाड होतात, केसाहून बारीक अशा नव्या केशवाहिन्या फुटायला लागतात. एखाद्या पोडावर उन्हाळ्यात सारखी टंचाई पडली की शेवटी नवी पाइपलाइन टाकावी लागते, तसं.

२००६ साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांच्या मांड्यांना मोजून दाब दिलेले पट्टे लावले आणि त्यांना फक्त चालायला लावलं. वेग किती? मिनिटाला ५० मीटर. अहो, आमची पहिलीची पोरं शाळेत येताना ह्यापेक्षा भरभर चालतात! दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असं पाच वेळा. दिवसातून दोनदा, तीन आठवडे. शेवटी मांडीचे स्नायू ४ ते ७ टक्क्यांनी वाढले. पट्टा न लावता तसेच चालले त्यांचे वाढले नाहीत.

आता आला आपल्या दादाचा खरा प्रश्न. आधीच चांगलं पळणाऱ्याला, इंटरव्हल करणाऱ्याला ह्याचा उपयोग आहे का? २०१६ साली इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी तयारीच्या वीस पुरुषांना घेऊन हे पाहिलं. सगळ्यांनी सायकलवर ३० सेकंद अगदी जीव तोडून पॅडल मारायचे, मग विश्रांती, मग पुन्हा. अर्ध्या लोकांना प्रत्येक तुकडा संपल्या संपल्या मांडीला पट्टे. लक्षात घ्या हं, पळताना नाही, थांबल्यावर. मधल्या सुट्टीत! चार आठवड्यांनी पट्टेवाल्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढली होती. बिनपट्टेवाल्यांची होती तिथेच.

साडेचार टक्के म्हणजे थोडे नव्हेत. तरी माझं मत विचाराल तर मी ह्या आकड्यावर फार उड्या मारणार नाही. वीसच माणसं, चारच आठवडे. शिवाय ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढणं आणि शर्यतीतली वेळ कमी होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. टाकी मोठी झाली म्हणून मोटारसायकल जोरात पळते असं थोडंच आहे? आणि मुख्य म्हणजे ही माणसं आधीच वर्षानुवर्षं सराव केलेली. त्यांच्याकडे वाढवायला दुसरं फार काही उरलेलं नव्हतं. ज्यानं अजून साधे इंटरव्हलच केले नाहीत त्यानं पट्ट्याकडे धावणं म्हणजे बाराखडी यायच्या आधी शुद्धलेखनाचे वाद घालणं.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. दादा बाजेवर बसला होता, पाय लोंबकळत. मांड्यांवर करकोचे पडलेले, दोन बोटं रुंदीचे, जांभळट. डाव्या पावलाला अजून बधिरपणा होता. त्या दिवशी पहाटे जगदंबेच्या देवळाच्या रस्त्यावर तो पळता पळता कोसळला होता. घरी सांगितलं, खड्ड्यात पाय गेला.

"किती आवळली होती?"

"पाय सुन्न होईलोक, सर."

"कशानं मोजलं?"

तो गप्प बसला. मोजणार कशानं! तज्ज्ञ मंडळी काय करतात ते सांगतो. आधी यंत्रानं बघतात, की ह्याच माणसाच्या ह्याच पायातलं रक्त पूर्ण बंद व्हायला किती दाब लागतो. मग त्याच्या साधारण ४० ते ८० टक्केच दाब देतात. पट्टा चांगला रुंद असतो, वेळ मोजलेली असते आणि शेजारी जाणकार माणूस उभा असतो. ट्यूब अरुंद. तिचा सगळा जोर एका रेघेवर पडतो, खालच्या नसा चेपतात. आणि तिच्यावर कुठे आकडे लिहिलेत? माझ्या मते हा फरक वैद्याचं औषध आणि शेतातलं फवारणीचं औषध ह्यांच्याइतका आहे, दोन्हींना आपण औषधच म्हणतो.

साप चावला की वर करकचून दोरी बांधायची सवय आपल्याकडे आहेच. डॉक्टर आता ते करू नका म्हणून कानीकपाळी ओरडताहेत, कारण रक्त बंद पडून पाय गमावायची वेळ येते. साप चावल्यावर हात-पाय हलवायचा नाही, धीर द्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. हे सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून जाता जाता सांगून ठेवलं.

आणि आता आई-बाबांसाठीचा भाग.

दुसऱ्या दिवशी मी दादाला उपकेंद्रातल्या सिस्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी पाय पाहिले, रक्तदाब पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सिकलसेल तपासलंय का रे?" त्यानं मान हलवली, नाही. शाळेत तपासणी झाली त्या दिवशी तो कापूस वेचायला गेला होता.

आपल्या विदर्भात, गोंड, कोलाम, परधान समाजांत आणि इतरही समाजांत हा आजार आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि चपट्या असतात. सिकलसेलमध्ये त्यांच्यातलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं असतं. ऑक्सिजन असेपर्यंत ठीक. ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. मग असह्य दुखतं. आई आणि बाबा दोघांकडूनही हा गुण आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक असतं. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण अतिश्रम, ऊन, अंगातलं पाणी कमी होणं हे सगळं एकत्र आलं तर त्यालाही धोका होऊ शकतो. आता सांगा, ट्यूब बांधून आपण काय करत होतो? मुद्दाम ऑक्सिजन कमी करत होतो! म्हणून जिथे ही पद्धत शास्त्रानं वापरतात तिथे सिकलसेल असणाऱ्यांना आणि वाहकांना ती लावतच नाहीत. परदेशातल्या व्हिडिओतल्या माणसाला हे सांगायची गरज वाटली नसेल. केळापूर तालुक्यात मात्र ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या टोकाचं रक्त घेऊन आधी साधी चाचणी करतात, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाची पक्की चाचणी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आणि सरकारी दवाखान्यात ही चाचणी होते. शाळेत तपासणी असेल त्या दिवशी मुलांना शेतावर नेऊ नका, एवढंच माझं हात जोडून सांगणं.

दादाचा रिपोर्ट आला. वाहक.

घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. आईला वाटलं, झालं, पोराची भरती गेली. दादा माझ्याशी बोलेना. मला म्हणाला, "तुमी नसतं नेलं तं बरं झालं असतं, सर." मलाही रात्री झोप लागली नाही. खरंच, मी नेलं नसतं तर? पण डॉक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं : पळायचं, जरूर पळायचं. फक्त एकदम जोर करायचा नाही, वेग हळूहळू वाढवायचा, दुपारच्या उन्हात पळायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, तापात पळायचं नाही, पाय विचित्र दुखले किंवा गळाल्यासारखे वाटले की तिथेच थांबायचं आणि सांगायचं. ट्यूब कायमची बंद.

मग आम्ही तिघांनी, म्हणजे दादा, त्याची बहीण आणि मी, गावाकडच्या आतल्या रस्त्यावर विजेचे खांब मोजले. हायवेवर नाही बरं का, तिथे पळायचंच नाही. चारशे मीटरची खूण केली, खडूनं नव्हे, चुन्यानं, दवानं पुसू नये म्हणून. पहिले दोन आठवडे नुसतं सावकाश पळणं. तिसऱ्या आठवड्यात दोनशे मीटरचे तुकडे. पाचव्या आठवड्यात चारशेचे, आधी तीन, मग चार. आठवड्यातून दोनच दिवस. बहीण खुणेजवळ वही घेऊन उभी. दादा थांबला की ती त्याचं मनगट धरून पंधरा सेकंद नाडी मोजते आणि चारानं गुणते. पाचवीतली पोरगी, पण गुणाकार असा पाठ झालाय की विचारू नका! नाडी १२० वर उतरली नाही तर ती हात आडवा धरते. "दादा, बस. आज बस झालं." आणि तो ऐकतो हो! माझं नसतं ऐकलं.

तुम्हालाही हे करता येईल. खांब ते खांब पळा, खांब ते खांब चाला. सहा-सात वेळा झालं की पुरे. तुमच्या वयाला ह्याहून वेगळं काही लागत नाही. कबड्डी, खो-खो, लंगडी ह्यांत पळणं-थांबणं आपोआप होतंच. शाळेत आठवड्याची लोहाची गोळी मिळते ती खिशात न टाकता सरांच्या, बाईंच्या समोर गिळा. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन आणि ते बनायला लोह लागतं. सिकलसेल असणाऱ्यांनी मात्र ती गोळी डॉक्टर सांगतील तशीच घ्यायची.

आणि हार्वेसाहेबांचा प्रयोग करायचाच असेल तर पट्टी न बांधता करा. एक हात खाली लोंबता सोडा, मिनिटभर. हाताच्या मागच्या बाजूला नीला फुगलेल्या दिसतील. मग तोच हात डोक्यावर उंच धरा आणि बघा त्या कशा विरघळल्यासारख्या नाहीशा होतात ते. आजोबांच्या हातावर तर फारच छान दिसतं.

गेल्या रविवारी दादा १६०० मीटर पूर्ण पळाला. बहिणीच्या वहीत लिहिलंय : पाच मिनिटं एकतीस सेकंद, थांबल्यावर नाडी १७६, दीड मिनिटानं ११६. भरतीची तारीख अजून आलेली नाही. पाच-वीस होईल की नाही, मी सांगू शकत नाही. ती ट्यूब आता त्याच्या सायकलच्या कॅरियरला आहे, बहिणीचं दप्तर बांधायला.

तुम्ही एक करा. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा, खांबापर्यंत पळून आल्यावर मोजा, आणि दीड मिनिटानं पुन्हा मोजा. सात दिवसांचे आकडे पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा, घरातल्या कुणा मोठ्यांचेही पाठवलेत तर आणखी मजा येईल. पुढच्या अंकात आपण पाहू, खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूची नाडी बसल्या बसल्या का वाढते ते.

तुमचा,
सर